वानखेडे स्टेडियम: आटोपशीर आणि बोलके

क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आणि मुंबई क्रिकेट संघटना यांच्यात ब्रेबॉर्न या क्लबच्या मैदानावरील तिकिटांच्या वाटपावरून वाद विकोपाला गेला, आणि संघटनेचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर स्वतंत्र मैदान उभारण्याचे मनावर घेतले. वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्यानुसार ते वर्षभराहून थोड्याच अधिक काळात तयार झाले. जानेवारी 1975 मध्ये येथील पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडिजच्या क्लाइव्ह लॉईडने नाबाद 242 धावा कुटल्या. यजमानांसाठी हा मुहूर्त काही फारसा शुभ नव्हता!

2011 च्या विश्वचषकापूर्वी झालेल्या नूतनीकरणात आसनसंख्या सुमारे 33 हजारांवर आली, आणि ती कपात माझ्या मते मैदानाच्या पथ्यावरच पडली. अहमदाबादच्या अवाढव्य मैदानात प्रेक्षक विखुरल्यासारखा वाटतो. येथे मात्र वरच्या सज्जातूनही फलंदाजाचे पाय हलताना स्पष्ट दिसतात, आणि एका कोपऱ्यात सुरू झालेली 'सचिन, सचिन' ही आरोळी क्षणात सर्वत्र पसरते. एकाच बाजूच्या आधारावर पुढे झेपावणारे कापडी छत मधल्या खांबांचा अडथळा टाळते. तांबड्या मातीच्या खेळपट्टीवर चेंडू चांगला उसळतो, तर समुद्रावरून येणारा वारा नव्या चेंडूच्या गोलंदाजाला साथ देतो.

उकाडा मात्र सोसावाच लागतो. चर्चगेट किंवा मरीन लाइन्सवरून पायी जाणेच शहाणपणाचे. शक्य असल्यास दिवस-रात्र सामन्याचेच तिकीट काढावे.