उदयपूर पाहायचं तर पाण्याच्या मागे मागे फिरा

उभी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्यामुळे तलाव दिसला की माझी नजर आधी सांडवा शोधते. उदयपूरचे फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात, पण तिथले तलाव सुटेसुटे नाहीत हे फारसं कोणी सांगत नाही. सिसारमा नदीचं पाणी पिछोला तलावात येतं, तिथून स्वरूपसागरात, पुढे जोडकालव्याने फतहसागरात आणि जास्तीचं पाणी आयड नदीतून उदयसागराकडे. पिछोला चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने बांधला असं परंपरा सांगते. महाराणा उदयसिंहांनी १५५९ मध्ये राजधानीसाठी ही जागा धरली ती अरवलीच्या डोंगरांचा आडोसा आणि हे पाणी बघूनच. नऊच वर्षांनी जुनी राजधानी चितोड पडलं, तेव्हा ती निवड किती दूरदृष्टीची होती ते कळतं.

म्हणून माझं पहिलं मत: हॉटेलच्या काउंटरवर मिळणारी ‘एका दिवसात सगळे पॉइंट’वाली गाडी घेऊ नका. आम्ही घेतली होती तिच्या ड्रायव्हरने बागेला वीस मिनिटं दिली आणि साड्या-रजयांच्या दुकानात पाऊण तास बसवून ठेवलं. सौ.ने शेवटी स्पष्ट सांगितलं, ‘भैया, दुकान नहीं, तालाब दिखाओ.’ दुसऱ्या दिवसापासून रिक्षा आणि पाय, एवढ्यावर भागवलं आणि तेच खरं फिरणं झालं.

सिटी पॅलेसला मात्र पूर्ण सकाळ द्या आणि दार उघडताच आत शिरा. आतले जिने आणि बोळ मुद्दाम अरुंद, वळणावळणाचे ठेवलेले आहेत. शत्रू आत घुसलाच तर एकेकट्यानेच पुढे यावा म्हणून. दुपारी गर्दी झाली की त्याच बोळांत माणूस अडकून पडतो. सरकारी ओळखपत्र असलेला गाइड घ्या, पैसे वसूल होतात. मोर चौकातले काचेचे मोर सगळेच बघतात. महाराणा सज्जनसिंहांच्या काळातलं काम, उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तीन ऋतूंचे तीन मोर. अप्रतिम आहेत, पण माझा जीव अडकला तो बडी महालात.

चार मजले चढून धापा टाकत वर यावं आणि समोर बाग! मोठाली झाडं, संगमरवरी खांबांच्या ओवऱ्या आणि मधोमध चौकोनी हौद. आधी वाटतं, गच्चीवर माती टाकून झाडं लावली असतील. मग एवढ्या मातीचं आणि पाण्याचं वजन, गळती, मुळं यांचं काय केलं असेल? गाइडने उलगडा केला: खाली इमारत नाहीच, ही टेकडीची माथ्याची जमीन आहे. राजवाडा टेकडीच्या चारही अंगांनी चढवत आणलाय आणि माथा तेवढा मोकळा ठेवलाय. झाडांची मुळं थेट डोंगरात. मी एका झाडाच्या आळ्याशी वाकून माती चिमटीत घेऊन पाहिली. डोंगर न फोडता त्याच्याशी जुळवून घेतलेलं असं बांधकाम मी दुसरं पाहिलेलं नाही. याच हौदात पूर्वी राजघराण्याची रंगपंचमी, म्हणजे तिकडची होळी, खेळली जायची.

कृष्णा विलास या दालनात मराठी माणसाने जरा जास्त थांबावं. भिंतींवर लघुचित्रं आहेत, पण नाव मेवाडच्या राजकन्या कृष्णाकुमारीचं. जयपूर आणि जोधपूर या दोघांनीही तिला मागणी घातली, तंटा पेटला, त्यात दौलतराव शिंदे आणि अमीरखान पिंढारीही उतरले आणि १८१० मध्ये त्या सोळा वर्षांच्या मुलीला विष घ्यावं लागलं. मेवाडला आपल्या फौजांनी किती नाडलं हे आपल्याकडे शाळेत शिकवत नाहीत. ते कळायला हवं.

पिछोल्यात बोटीने जरूर जा. राजवाड्याच्या खालच्या घाटावरून निघणाऱ्या बोटी महाग, दूध तलाईकडच्या त्यामानाने स्वस्त. संध्याकाळचा दर चढा असतो. जगनिवास, म्हणजे १७४६ मध्ये पुरा झालेला तो तलावातला पांढराशुभ्र महाल, आता ताजचं हॉटेल आहे. तिथे उतरता येत नाही, लांबूनच बघायचा. जगमंदिरावर, म्हणजे तलावातल्या दुसऱ्या बेटावरच्या महालात, उतरायचं असेल तर त्या बोटीचं तिकीट आहे ना, हे खिडकीवरच विचारून घ्या. बापाविरुद्ध बंड केलेल्या शाहजहानला, तेव्हाच्या शहजादा खुर्रमला, इथेच आसरा मिळाला होता.

सहेलियों की बाडीत गाइड टाळी वाजवायला सांगतात आणि कारंजी उसळतात. टाळीचा संबंध नाही, पलीकडे माणूस व्हॉल्व्ह फिरवतो. पण त्याच्यामागची गोष्ट त्याहून भारी आहे. मूळ रचनेत पंप नाही. फतहसागर वर, बाग त्याच्या पाळीच्या, म्हणजे बांधाच्या, खाली, बस, पातळीतल्या फरकाच्या जोरावर एवढं पाणी नाचतं. ‘बिन बादल बरसात’ नावाच्या भागात डोळे मिटून उभे राहा. पानांवर सर कोसळल्याचा हुबेहूब आवाज येतो.

संध्याकाळी बागोर की हवेलीत सात वाजता लोकनृत्यांचा कार्यक्रम असतो. तिकिटाला आधी जाऊन उभं राहावं लागतं. डोक्यावर मडक्यांची उतरंड घेऊन नाचणारी बाई बघताना सौ.ने माझा हात घट्ट धरला होता. हवेली सांभाळणारं पश्चिम क्षेत्र सांस्कृतिक केंद्र महाराष्ट्र-गोव्याचंही आहे, म्हणून शहराबाहेरच्या शिल्पग्रामात आपल्याकडच्या झोपड्याही उभ्या दिसतात.

जायचं कधी? चांगला पाऊस झाला असेल तर सप्टेंबरात. फतहसागर भरून सांडव्यावरून वाहायला लागला की तिथले लोक म्हणतात ‘चादर चल रही है’ आणि अख्खं गाव पाळीवर जमतं, हातात भुट्टा नाहीतर कुल्हडची कॉफी. गुडघे दुखत असतील तर जगदीश मंदिराच्या बत्तीस उंच पायऱ्या सकाळच्या गारव्यातच चढा, दुपारी मंदिर बंद असतं. मे महिन्यात जाऊ नका. दुष्काळी वर्षांत पिछोल्याचा तळ उघडा पडून लोक जगनिवासापर्यंत चालत गेलेले आहेत, तेव्हा तिकीट काढण्याआधी यंदा पाऊस कसा झाला ते बघा. मुंबईकरांना वांद्रे टर्मिनसहून थेट गाडी आहे.