ट्रॅक्टरमागचा स्नोब्लोअर: एका हिवाळ्याचा अनुभव

न्यूयॉर्क राज्यात ऑन्टारियो सरोवराच्या पूर्वेला टग हिल नावाचे पठार आहे. सरोवरावरून येणारे थंड वारे वाटेत बाष्प उचलतात आणि पठार चढताना बर्फाच्या रूपाने ते खाली टाकतात. पठाराच्या काही भागांत वर्षाला सरासरी २०० इंचांहून अधिक बर्फ पडतो. ऑन्टारियो सरोवर खोल असल्याने सहसा पूर्ण गोठत नाही, त्यामुळे हे चक्र मार्चपर्यंत चालू राहते. पठाराच्या पायथ्याशी आमचे घर आहे आणि घरापासून रस्त्यापर्यंत सुमारे ४०० फुटांची खडीची वाट आहे. ती मोकळी ठेवण्यासाठी नोव्हेंबर ते एप्रिल मी ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरमागे पाच फूट रुंदीचा स्नोब्लोअर, म्हणजे बर्फ उचलून दूर फेकणारे यंत्र, वापरला.

पुढचे आडवे ऑगर, म्हणजे फिरणारा मळसूत्री दांडा, बर्फ खरवडून मध्यभागी आणते आणि त्यामागचा पंखा तो च्यूटमधून, म्हणजे वरच्या नळकांड्यातून, दूर फेकतो. दोन्हींना शक्ती मिळते ती ट्रॅक्टरच्या पीटीओकडून, म्हणजे इंजिनाची शक्ती अवजाराला देणाऱ्या फिरत्या दांड्याकडून, मिनिटाला ५४० फेऱ्यांनी. सांगली जिल्ह्यात आमच्या घरच्या रोटाव्हेटरला हाच वेग आणि पीटीओला जोडणारा असाच दोन क्रॉसांचा (कोनात वळणाऱ्या सांध्यांचा) शाफ्ट असल्यामुळे यंत्र मला परके वाटले नाही.

पहिल्या दीड महिन्यात शाफ्टवरचे नऊ शिअर बोल्ट तुटले. ऑगरमध्ये दगड अडकला तर गिअरबॉक्सऐवजी हा बोल्ट तुटावा, एवढेच त्याचे काम असते. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत ग्रेड २ चा (कमी ताकदीचा) बोल्ट सांगितला आहे, म्हणजे ज्याच्या डोक्यावर एकही रेघ नसते तो. डोक्यावर तीन रेघा असलेला ग्रेड ५ किंवा सहा रेघांचा ग्रेड ८ बसवण्याचा मोह अशा वेळी फार होतो. तो मी आवरला आणि इतरांनीही आवरावा असे मला कळकळीने सांगायचे आहे, कारण बोल्ट तुटला नाही तर धक्का गिअरबॉक्सच्या दात्यांवर किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओवर जातो. त्याऐवजी मी तुटलेला प्रत्येक बोल्ट जपून ठेवू लागलो आणि तो कधी, कुठे तुटला याची नोंद करू लागलो. त्या नोंदींमधून एक नव्हे, तीन वेगळे दोष समोर आले.

काही बोल्ट सकाळी पीटीओ जोडताक्षणीच तुटले होते. आदल्या संध्याकाळचा ओला बर्फ पंख्याच्या घरात तळाशी साचून रात्री गोठत असे आणि पंखा कवचालाच चिकटून बसत असे. आता काम संपल्यावर मी यंत्र मिनिटभर रिकामे फिरवतो, ते फळ्यांवर उभे करतो आणि सकाळी इंजिन बंद असतानाच लांब लाकडी दांड्याने पंखा हलतो का ते पाहतो. पीटीओ नेहमी इंजिनाच्या कमी वेगावर जोडतो आणि मगच वेग वाढवतो.

दुसरा गट वाटेच्या एकाच वळणावर तुटला होता, जिथे खडी उचलून आली आहे. स्किड शू (यंत्राची जमिनीपासूनची उंची ठरवणाऱ्या बाजूच्या घसरपट्ट्या) डांबरी रस्त्याला योग्य अशा उंचीवर होते आणि टॉप लिंक (ट्रॅक्टर व यंत्र यांना वरून जोडणारा, लांबी बदलता येणारा दांडा) गरजेपेक्षा लांब असल्याने यंत्राचे तोंड जमिनीकडे झुकत होते. टॉप लिंक थोडी आखूड करून आणि खालची पाती जमिनीपासून इंचभर वर ठेवून हा त्रास मिटला. वाटेवर इंचभर बर्फ राहतो, पण तो दबून घट्ट होतो आणि खडी जागेवर राहते.

तिसऱ्या गटाने मला सर्वांत जास्त चकवले. हे बोल्ट कशावरही न आदळता, मोकळ्या भुसभुशीत बर्फात तुटले होते. त्यांचा तुटलेला भाग पाहिल्यावर फरक दिसला: एका झटक्यात तुटलेल्या बोल्टाचा कापलेला पृष्ठभाग एकसारखा होता, तर यांच्या बाजूला गुळगुळीत घासलेली खाच पडलेली होती. योकमधले (शाफ्टच्या टोकाच्या दुबेळक्यातले) छिद्र झिजून लांबट झाले होते, बोल्ट त्यात सतत ठोके खात होता आणि थकून तुटत होता. योक बदलल्यापासून, म्हणजे जानेवारीच्या मध्यापासून, दोनच बोल्ट तुटले, आणि दोन्ही वेळा ऑगरमध्ये दगड सापडला.

याच काळात यंत्र उचलताना जोरात थरथरू लागले. शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या नळ्यांना ग्रीस लावण्यासाठी मी त्या वेगळ्या केल्या होत्या. माझ्या शाफ्टच्या नळ्या चौकोनी असल्याने त्या ९० अंशांनी चुकीच्या बसू शकतात. तसे झाले की दोन्ही टोकांचे योक एका रेषेत राहत नाहीत आणि एका क्रॉसमधला वेगाचा चढउतार दुसरा क्रॉस भरून काढण्याऐवजी वाढवतो. योक एका रेषेत आणल्यावर थरथर थांबली. यंत्र फार वर उचलून पीटीओ चालू ठेवल्यासही क्रॉसचा कोन वाढून अशीच थरथर होते, म्हणून मी लिफ्टला वरची मर्यादा घालून ठेवली आहे.

च्यूट तुंबणे हा मार्चचा खास त्रास. पाणी धरलेला बर्फ पंख्याला जड जातो. येथे पुढे जाण्याचा वेग कमी करायचा, इंजिनाचा मात्र मुळीच नाही. पंखा मंदावला की च्यूट तुंबलीच म्हणून समजावे. इंजिनाचा वेग न बदलता चालण्याचा वेग कमी करता येणाऱ्या हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टरला हे सोपे जाते. पंख्याच्या पात्यांच्या टोकांना जाड रबराच्या पट्ट्या बोल्टने लावून पाते आणि कवच यांमधली फट कमी केल्यावर फेक स्पष्टपणे सुधारली. तुंबलेली च्यूट मोकळी करताना पीटीओ बंद, इंजिन बंद, किल्ली खिशात आणि हातात दांडा, या क्रमात मी कधीही तडजोड करत नाही. ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या; हात मागे घेण्याइतका वेळ कोणालाही मिळत नाही.

मागे जोडलेले यंत्र उलट्या दिशेने चालवावे लागते आणि दोन तासांनी मान दुखते, हे खरे आहे. तरीही पुढे जोडायच्या यंत्राला लागणारी वेगळी चौकट आणि मधला पीटीओ यांचा खर्च पाहता, लांब वाट असलेल्याने हेच घ्यावे असे माझे मत आहे.

गिअरबॉक्सचे तेल अडवणारे पुढचे सील मात्र फेब्रुवारीत गळू लागले. शाफ्ट मुळात थोडा लांब होता आणि एका उंचीवर त्याच्या नळ्या तळाला टेकून गिअरबॉक्सला ढकलत होत्या. यंत्र सर्व उंचींवर नेऊन मी मापे घेतली, दोन्ही नळ्या आणि त्यांवरची आवरणे सारखीच कापली आणि टोके घासून गुळगुळीत केली. एप्रिलमध्ये नवे सील बसवून ८०डब्ल्यू-९० तेल भरले आणि यंत्राखाली पुठ्ठा अंथरला. तीन आठवडे झाले, पुठ्ठ्यावर अजून एकही थेंब पडलेला नाही.