‘हीट प्रूफिंग’वाल्याची टेंपरेचर गन

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनो, उन्हाळा लागला की ‘हीट प्रूफिंग’वाले सोसायट्यांमधून फिरू लागतात. त्यातल्या एकाने बिबवेवाडीत आम्हाला व्यवस्थित टोपी घातली. रात्री अकरालाही आमच्या स्लॅबला हात लावला तर गरम लागतो, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होतं.

पोरगा गोडबोल्या. आईला ‘काकू’, मला ‘दादा’. डायनिंग टेबलावर हॅलोजन लावला, खाली फरशीचा तुकडा, त्याच्या अर्ध्या भागावर चंदेरी बबल शीट. मग टेंपरेचर गन रोखली. उघडी फरशी ६२, शीट ३४. “काकू, नासाचं तंत्रज्ञान आहे!” आई तिथेच गार.

खरी चलाखी त्या गनमध्ये आहे. गन पृष्ठभागातून निघणारी उष्णतेची किरणं मोजून तापमानाचा हिशेब करते आणि तो हिशेब सिमेंट, रंग, लाकूड असल्या पृष्ठभागांसाठी बसवलेला असतो. चकचकीत ॲल्युमिनियम फारच कमी किरणं सोडतं. त्यामुळे शीट कितीही तापली तरी गन कमीच आकडा दाखवते. खात्री हवी तर चकचकीत स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळा आणि बाहेरून गन रोखा. मग त्याच पातेल्याला काळी इलेक्ट्रिक टेप चिकटवा, मिनिटभर थांबा आणि टेपवर गन रोखा. आकडा भसकन चढतो. कोणी डेमो द्यायला आलं की शीटवर टेप लावून मोजायला सांगा. चेहरा बघण्यासारखा होतो.

दर ठरला फुटाला १४० रुपये. वर गाजर, ‘पीएम सूर्यघरमधून सबसिडी परत मिळेल’. ती योजना छतावरच्या सौर पॅनेलसाठी आहे, इन्सुलेशनला त्यातून दमडीही मिळत नाही.

कामगारांनी शीट स्लॅबला चिकटवली आणि ‘हाइट जायला नको’ म्हणून तिच्यावर जिप्सम बोर्ड घट्ट ठोकला. इथेच सगळं मुसळ केरात. चंदेरी शीट उपयोगी पडते ती तिच्या एका बाजूला तरी हवेची पोकळी असेल तर. दोन्हीकडून दाबली की उरतं चार मिलिमीटर प्लास्टिक. त्याच स्लॅबवर ५० मिलिमीटरचा एक्सपीएस (कडक फोमचा) बोर्ड टाकला असता तर उष्णतेची त्याच्या कितीतरी पट अडवणूक झाली असती. पुढे पंख्यासाठी इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडला, तेव्हा कळलं की शीट फक्त कडेकडेने लावलीय, मधे स्लॅब उघडाच. भवानी पेठेत तीच शीट फुटाला १८ रुपयांनी मिळाली.

बिलावर फक्त ‘हीट प्रूफिंग काम, १ नग’. मालाचं नाव, जाडी, जीएसटी नंबर काहीच नाही. फोन अर्थातच बंद. बिलावर मालाचा प्रकार, मिलिमीटरमध्ये जाडी आणि आर-व्हॅल्यू (माल उष्णता किती अडवतो त्याचा आकडा) लिहून द्यायला जो कां-कूं करतो त्याला ॲडव्हान्स देऊ नका. आणि बोर्ड ठोकण्याआधी स्वतः शिडीवर चढून फोटो काढा, कामगार कितीही घाई करोत.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जातोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. दरम्यान सोसायटीने गच्चीला उष्णता परावर्तित करणाऱ्या पांढऱ्या रंगाचे दोन हात मारून घेतले. खर्च त्या ‘हीट प्रूफिंग’च्या पाव पटही आला नाही आणि दुपारी बेडरूममध्ये आता बसवतं तरी.