रिओहा क्रियांझा: आधी गार करा, मग बोला

स्पेनच्या रिओहा भागातल्या लोग्रोन्यो शहरात, लॉरेल गल्लीतल्या एका बारमधे मशरूमच्या पिंचोसोबत (पिंचो म्हणजे बारमधला छोटासा खाऊ) ही लाल वाईन पहिल्यांदा घेतली आणि खरं सांगायचं तर अजिबात आवडली नाही. जुलैचा उकाडा, बाटली काउंटरवर उघडीच, वाईन जवळजवळ कोमट. ग्लास नाकाशी नेला की नुसता अल्कोहोलचा भपका, तोंडात जॅमसारखं गोडसर काहीतरी. म्हटलं एवढं रिओहा रिओहा करतात ते हेच का?

बायको म्हणाली वाईनचा दोष नाही, वाढणाऱ्याचा आहे. म्हणून तीच बाटली दुकानातून आणली, रूमवरच्या फ्रीजमधे अर्धा तास ठेवली, हाताला जरा गार लागेल इतकीच, जास्त नाही. आणि अहो, वेगळीच वाईन! आधी चेरी, मग थोडा आलुबुखार, मग हळूहळू व्हॅनिला आणि सुक्या खोबऱ्यासारखा वास. हा शेवटचा वास अमेरिकन ओकच्या पिंपांचा, रिओहावाल्यांचं ते जुनं प्रेम. क्रियांझा म्हणजे कमीत कमी २ वर्षं मुरवलेली, त्यातलं निदान १ वर्ष ओकमधे. मागच्या बाजूला लाल रंगाचं अधिकृत लेबल असतं, ते बघून घ्या म्हणजे दुकानात गोंधळ होत नाही (हिरवं असेल तर ती साधी, बहुतेक वेळा कोवळी वाईन).

यात टेम्प्रानियो नावाचं द्राक्ष सगळ्यात जास्त. स्पॅनिशमधे तेम्प्रानो म्हणजे लवकर, आणि हे द्राक्षही लवकर पिकतं, त्यावरून नाव. पण एकट्याने ते कधीकधी जरा सपाट लागतं असं माझं मत, आंबटपणा कमी पडतो. इथे बाकीच्या द्राक्षांपैकी गार्नाचाने अंग भरलंय, मासुएलोने आंबट-तुरट धार दिलीय आणि ग्रासियानो अगदी थोडं असूनही वासात कळतं, मला तरी तेच सगळ्यात आवडलं. कोमट असताना यातलं काहीच कळलं नव्हतं, सगळ्यावर अल्कोहोल बसला होता.

द्राक्षाच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या कोकराच्या चॉप्ससोबत घेतली तर तुरटपणा चरबीत विरघळून जातो, चीजसोबत तेवढी मजा नाही आली. व्हॅनिला मात्र मला थोडा जास्तच वाटला, त्याचे मार्क कापले, १० पैकी ७.

आणि उघडली की त्याच रात्री संपवा, आमची अर्धी राहिली होती, दुसऱ्या दिवशी चेरी गायब आणि नुसतं लाकूड उरलं.