कॅप कुठलीही घ्या, आधी तिची कड बघा

दातावर कॅप बसवायची ठरली की 'कुठली चांगली?' हा प्रश्न येतोच, आणि उत्तर बहुतेक वेळा वॉरंटीच्या वर्षांत मिळतं. ते वॉरंटी कार्ड एकदा नीट वाचावं. कॅप तुटली किंवा तडकली तर बदलून मिळेल, साधारण एवढंच त्यात असतं. कॅपखालच्या दाताला कीड लागली तर काय, यावर कार्ड गप्प. कॅपला स्वतःला कीड लागत नाही, पण ती जिथे संपते आणि दात सुरू होतो, त्या हिरडीलगतच्या कडेला लागते. बऱ्याच कॅप तिथेच वाया जातात. म्हणून इथे कॅपचे प्रकार आणि त्या जपायची साधनं आम्ही त्या कडेवर नजर ठेवून पारखली आहेत.

पूर्ण धातूची कॅप दिसायला सगळ्यात वाईट आणि कामाला सगळ्यात भरवशाची. चावायच्या बाजूने 1 ते 1.5 मिमी दात घासून कमी केला तरी भागतं, कड पातळ आणि घट्ट बसवता येते, टवका उडायची भीती नाही. शेवटच्या दाढेला, जिथे वर-खाली जागाच अपुरी असते, तिथे आजही हिला तोड नाही. काही मिश्रधातूंत निकेल असतं. खोट्या दागिन्यांनी कान खाजत असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावं.

धातूवर पोर्सिलेन चढवलेली कॅप वर्षानुवर्षं चालत आली आहे, पण दोन थर मावायला चावायच्या बाजूने 1.5 ते 2 मिमी दात घालवावा लागतो. पुढे हिरडी सरकली की कडेला करडी रेघ दिसते. पोर्सिलेनचा टवका उडाला म्हणून लगेच कॅप काढायची गरज नसते. खालचा धातू दात झाकूनच असतो. धार घासून, पॉलिश करून बऱ्याचदा काम भागतं.

झिरकोनिया या पांढऱ्या सिरॅमिकचं एकच नाव सांगितलं जातं, पण साहित्यं किमान दोन असतात. जास्त मजबूत, थोडं अपारदर्शक झिरकोनिया 900 ते 1200 मेगापास्कलपर्यंत (हे ताण मोजायचं एकक) ताण सोसतं. पुढच्या दातांसाठीचं जास्त पारदर्शक झिरकोनिया त्याहून बरंच नाजूक असतं. डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: कॅप एकसंध आहे की वर पोर्सिलेनचा थर आहे? थर असेल तर टवक्याचं दुखणं इथेही आहेच. समोरचा दात झिजवते ही हिच्याबद्दलची तक्रार अर्धीच खरी. आरशासारखी पॉलिश केलेली झिरकोनिया समोरच्या दाताला पोर्सिलेनपेक्षा सौम्य असते. चावा जुळवताना घासून तशीच खरखरीत सोडली, तर मात्र ती कानशीच. त्यामुळे बसवताना घासावी लागली तर 'पॉलिश केली ना?' हे विचारायला संकोच नको.

लिथियम डायसिलिकेट, म्हणजे बऱ्याच जणांना ई-मॅक्स या नावाने माहीत असलेली कॅप, पुढच्या दातांत सगळ्यात नैसर्गिक दिसते. ताकद मजबूत झिरकोनियाच्या निम्म्याच्या आसपास, पण आतून ॲसिडने खरखरीत करून ती रेझिन सिमेंटने दाताला चिकटवता येते. त्या वेळी दात कोरडा राहायला हवा. कड हिरडीत खोल असेल आणि रक्त थांबत नसेल, तर हा पर्याय आम्ही सुचवणार नाही.

साहित्य कुठलंही असो, कडेच्या वर सगळीकडून 1.5 ते 2 मिमी निरोगी दात उरलेला हवा. बैलगाडीच्या चाकाला धाव जशी आवळून बसते, तशी कॅप त्या पट्ट्याला धरते. तो नसेल तर महागातली झिरकोनियासुद्धा निघून येते, किंवा मुळाला चीर पाडते.

खरी परीक्षा सिमेंट लावायच्या आधीची, ट्रायलची. शेड निवडायचा तो दात ओला असताना, कारण तोंड उघडं राहून सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो. कॅप ठेवल्यावर दोन्ही बाजूंनी फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटी साफ करायचा दोरा, घालून बघतात. तो थोडा अडून 'टक्' करत आत जायला हवा. सहज घसरला तर तिथे रोज अन्न अडकणार, आणि जातच नसेल तर कॅप पूर्ण बसलेलीच नसण्याची शक्यता. मग निळ्या कागदावर चावून बघणं: नुसतं दाबून नाही, दात डावी-उजवीकडे सरकवूनही. भूल चढलेली असताना चावा उंच आहे की नाही ते नीट कळत नाही. दुसऱ्या दिवशी तोच दात आधी लागतोय असं वाटलं, तर सवय होईल म्हणून थांबू नये. सिमेंट लावल्यावर गाठ मारलेला फ्लॉस फटीतून बाजूने ओढून उरलेलं सिमेंट काढावं लागतं. ते राहिलं तर हिरडी सुजते आणि ब्रश लावला की रक्त येतं.

पक्की कॅप येईपर्यंतच्या टेम्पररी कॅपला कच्चं सिमेंट असतं. त्या दिवसांत चिकट पदार्थ टाळावेत, आणि फ्लॉस वर न खेचता बाजूने काढावा.

आता साधनं. मऊ ब्रश, हिरडीकडे 45 अंश तिरका, दोन मिनिटं: याहून महाग ब्रशची गरज नाही. पण दोन दातांमधली कड ब्रशला सापडत नाही, तिथे फ्लॉसच हवा. साधारण 45 सेंमीचा तुकडा मधल्या बोटांना गुंडाळायचा, कॅपच्या बाजूला कवेत घेतल्यासारखा वळवायचा आणि हिरडीच्या थोडा खालपर्यंत वर-खाली करायचा. एकाच जागी रोज फ्लॉस पिंजत असेल तर ती कड खरखरीत किंवा उघडी आहे, दाखवून घ्यावी. रूट कॅनॉल झालेल्या दातात नस नसते, त्यामुळे कीड आत शिरली तरी ठणका लागत नाही. पिंजणारा फ्लॉस किंवा त्याला येणारा वास ही तिथली पहिली खूण. बाकी खबर एक्स-रेच देतो.

हिरडी खाली गेली असेल तर फ्लॉसपेक्षा इंटरडेंटल ब्रश बरा. तार प्लास्टिकने मढवलेली हवी, आणि मापही असं की केस घासतील पण तार दाताला लागणार नाही. वॉटर फ्लॉसर अन्नाचे कण छान काढतो, ब्रिजखाली (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेल्या खोट्या दाताखाली) तर उपयोगीच, पण घट्ट फटीतला चिकट थर तो फ्लॉससारखा खरवडत नाही. पेस्ट 1000 ते 1500 पीपीएम फ्लोराइडची पुरते. कोळशाच्या आणि भरड पावडरी नकोत, पॉलिश जाते. आम्लयुक्त फ्लोराइड जेल पोर्सिलेनची झिलई खातं, न्यूट्रल जेल मागावं. व्हाइटनिंगने कॅपचा रंग बदलत नाही, शेजारचे दात तेवढे उजळतात आणि कॅप उठून दिसते. झोपेत दात खाणाऱ्यांना नाइट गार्ड, म्हणजे रात्री दातांवर चढवायचं आवरण, लागतोच. तो गार पाण्यात धुवावा, गरम पाण्याने वाकडा होतो.

कॅप निघाली तर डबीत जपून ठेवावी. घरातला फेव्हिक्विक अजिबात नको: तो जाड थरात बसतो, कॅप उंच राहते आणि डॉक्टरांना आतला थर खरवडत बसावं लागतं. औषधाच्या दुकानातलं तात्पुरतं डेंटल सिमेंट चालेल, पण सैल कॅप तोंडात ठेवून झोपू नये, ती श्वासनलिकेत जाऊ शकते. शेजारचे दात सरकायच्या आत, म्हणजे दोन-चार दिवसांतच दाखवावी. जाण्याआधी कॅपच्या आत डोकावून बघावं. नुसतं सिमेंट दिसलं तर बहुधा तीच पुन्हा बसेल. दाताचा तुकडाच आत अडकून आला असेल, तर प्रश्न कॅपचा राहिलेला नाही. दात किती उरलाय ते बघूनच पुढचं ठरेल.