पुढचे पॅड घरी, मागचे ड्रम मिस्तरीकडे

स्विफ्ट, वॅगनआर, आय-टेन या वर्गातल्या गाड्यांना बहुतेक वेळा पुढे डिस्क ब्रेक (चाकासोबत फिरणारी तबकडी दोन पॅड दाबून धरतात) आणि मागे ड्रम ब्रेक असतात. त्यामुळे ब्रेकचं काम घरी करायचं की गॅरेजला द्यायचं, याचं उत्तर पुढच्या चाकांसाठी एक आणि मागच्यांसाठी दुसरं.

जळगाव-धुळ्याकडे हायवेलगतच्या गॅरेजात गाडी लावली की ऐकू येतं, "अर्धा तासमा करी देस, भो." करतातही. मजुरी कमी, हात सराईत. पण अर्ध्या तासात दोन्ही चाकं झाली, म्हणजे कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या चिमट्याच्या) पिना बाहेर निघालेल्याच नाहीत असं धरून चाला. आणि आपल्या भागात खरा बिघाड तिथेच असतो. कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिनेवरचं रबरी बूट (आवरण) फाटलं की शेतरस्त्याची काळी माती आणि पावसाळ्याचं पाणी आत शिरतं, ग्रीस वाळतं, पिन जाम होते. मग आतला पॅड 2 मिलिमीटरवर येतो आणि बाहेरचा 7 वर तसाच राहतो. चाक तापतं, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. नुसते नवे पॅड टाकले तर तेही तसेच झिजतात.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पार्ट अस्सल मिळतो, बिल मात्र जड. तिथे "डिस्कही बदला" म्हटलं तर माप मागावं. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते. व्हर्नियर लावून दाखवणं दोन मिनिटांचं काम आहे.

घरी करायचं तर सपाट फरशी हवी. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करा (मारुतीला सहसा 19 चा पाना). मग जॅक आणि त्याच्या जोडीला स्टँड. नुसत्या जॅकवर काम नाही म्हणजे नाही. काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवून ठेवा.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की तो वर उचलता येतो. पूर्ण काढलात तर तारेने टांगा, ब्रेकच्या रबरी नळीवर (होजवर) लोंबू देऊ नका. पॅडचं मटेरियल 3 मिलिमीटर किंवा कमी उरलं असेल तर पॅड बाद. कॅलिपरमधला, पॅड ढकलणारा पिस्टन मागे दाबताना मध्ये जुना पॅड धरून सी-क्लॅम्प हळूहळू फिरवा, आणि बॉनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या डबीवर लक्ष ठेवा. कुणी आधी वरपर्यंत ऑईल भरून ठेवलं असेल तर ते बाहेर सांडतं आणि रंग खातं. जास्तीचं सिरिंजने आधीच ओढून घ्या. पिना बाहेर काढून पुसा आणि सिलिकॉन ब्रेक ग्रीसचा पातळ हात द्या. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलं तर बूटाचं रबर फुगतं. डिस्कवर ग्रीसचा बोटभरही डाग नको. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे क्लिप कशी बसते ते दुसऱ्या बाजूला पाहता येतं.

सगळ्यात मोठी चूक शेवटी होते. चाक बसवून थेट गाडी काढायची, आणि पहिला ब्रेक पार तळाला जातो, कारण पिस्टन अजून मागेच असतो. गाडी जागेवर असतानाच पॅडल कडक होईपर्यंत पंप करा. नंतर रिकाम्या रस्त्यावर 50 वरून 15 पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण थांबू नका. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक टाळायचे असतात, म्हणून पॅड बदलून दुसऱ्याच दिवशी चाळीसगावहून कन्नड घाट गाठू नका.

मागचे ड्रम मात्र मिस्तरीचेच. स्प्रिंगा, ॲडजस्टर, हँडब्रेकची केबल यांची जुळणी एकदा चुकली की चाक जाम तरी होतं, नाहीतर ब्रेक लागत नाही. ॲडजस्टर डावा-उजवा वेगळा असतो, नवशिक्याची अदलाबदल हमखास होते. तिथे उभं राहून दोन गोष्टी पाहा: ड्रमच्या आत लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर उचलून आत ओल तपासली का, आणि धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने तर उडवत नाहीत ना. ती छातीत जाते, आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असू शकतं.

ब्रेक ऑईलही गॅरेजातच बदलावं, पण बाटली आपली, सीलबंद. ते हवेतलं पाणी ओढतं. कोरडं डॉट 4 (ब्रेक ऑईलचा एक प्रकार) किमान 230 अंशांना उकळतं, पाणी धरल्यावर तो आकडा 155 पर्यंत घसरतो. तोरणमाळहून भरल्या गाडीने ब्रेकवरच उतरलं की आत वाफ होते आणि पॅडल मऊ पडतं. मॅन्युअलात वेगळं सांगितलं नसेल तर दोन वर्षांनी बदला. ऑईल बदलल्यावर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना सहसा लांबच्या चाकापासून, म्हणजे मागच्या डाव्यापासून सुरुवात होते. मॅन्युअलात वेगळा क्रम असेल तर तोच धरा. एबीएसच्या (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा अडकली किंवा हँडब्रेक बटणाचा असेल तर स्कॅनर असलेल्या ठिकाणीच गाडी न्या.

गॅरेजातून गाडी घेताना जुने पॅड मागून घ्या. आतला आणि बाहेरचा सारखे झिजलेले नसतील, तर पैसे देण्याआधी पिना काढल्या होत्या का ते विचारा.