संगीन बसलीच नाही

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. १९७१ च्या युद्धात गावचा एक जवान गेला, त्याचं स्मारक शाळेसमोर बांधायचं ठरलं. वर्गणी माझ्याकडे होती. कापसाचे चुकारे झाल्यावर लोकांनी शंभर-दोनशे करत पैसे दिले, आणि त्या जवानाच्या म्हाताऱ्या काकूंनी पेन्शनमधले पाचशे. चबुतऱ्यावर उलटी रायफल, तिच्या टोकाला लावायचं पातं म्हणजे संगीन खाली रोवलेली, वर हेल्मेट, असं सगळ्यांच्या मनात होतं.

नागपूरकडच्या एकाचा नंबर मिळाला. तो म्हणाला, "गुरुजी, लष्कराच्या डिस्पोजलची थ्री नॉट थ्री हाय, नळी बंद केलेली, लायसनचं काही काम नाही. अमर जवान ज्योतीवर हीच लागते ना बाप्पा!" संगीनीवर १९०७ कोरलेलं होतं, त्याचा फोटो धाडला आणि म्हणाला, "सव्वाशे वर्सं जुनी." सगळे मिळून बावीस हजार. पंधरा हजार फोनवरून पाठवले, बाकीचे टेम्पोवाल्याच्या हाती दिले.

माल उघडला तेव्हा शेजारचे निवृत्त सुभेदारकाका हजर होते. त्यांनी रायफलीकडे पाहिलं नाही, आधी संगीन हातात घेतली. भरतीनंतरचे दिवस त्यांनी थ्री नॉट थ्रीवरच काढलेले. या जुन्या रायफलीत नळीच्या टोकाखाली एक गोल खुंटी पुढे आलेली असते. संगीनीची कडी त्या खुंटीवर चढते, नळीवर नाही. मुठीच्या टोकाची खाच खालच्या पट्टीवर सरकते आणि आतली स्प्रिंग कट्कन बसते. मग हाताने ओढली तरी निघत नाही.

आमच्या रायफलीला खुंटीच नव्हती. नळी म्हणजे काळा रंग दिलेला पाइप, आणि कडी त्याच्यावरच ढिलीढाली अडकत होती. मुठीत खाच होती, पण ती ज्यावर सरकावी ती पट्टीच नाही. काकांनी बोट लावलं तशी संगीन खाली पडली. सगळा भार त्याच जोडावर येणार होता, म्हणजे चबुतऱ्यावर रायफल एक दिवस टिकली नसती.

'१९०७' चा उलगडाही काकांनीच केला. ते साल नमुन्याचं आहे, बनवल्याचं नाही. बनवल्याचा महिना-साल वेगळा ठोकलेला असतो, तो इथे नव्हता. अस्सल पातं सतरा इंचांचं. दुसऱ्या महायुद्धात भारतात बारा इंचांची आखूड संगीनही निघाली. आमचं भरलं चौदा. शिक्क्याच्या अक्षरांच्या कडा इतक्या ताज्या होत्या की बोटाला टोचत होत्या. आणि अमर जवान ज्योतीवरची रायफल थ्री नॉट थ्री नव्हतीच, ती सेल्फ लोडिंग रायफल.

त्या माणसाने फोन उचलणं बंद केलं. आम्ही ठाण्यात गेलो. तिथे पावती वाचली तेव्हा माझ्या हातापायातलं त्राण गेलं. लिहिलं होतं, "जुने लोखंडी शोपीस, नग २." रायफल हा शब्द कुठेच नाही. तक्रार लिहून घेतली, पण साहेब म्हणाले, "पावतीवर फसवणूक दिसत नाही गुरुजी." पुढे त्यांनी सांगितलं ते जास्त गंभीर होतं. थ्री नॉट थ्री हा सामान्य माणसासाठी निषिद्ध बोर, म्हणजे नळीच्या या मापाची बंदूक त्याला ठेवता येत नाही. शस्त्र नियमांत संगीनीचं नाव तलवार, खंजिराच्या यादीत येतं. माल खरा निघाला असता तर जाब मलाच विचारला गेला असता. "नळी बंद आहे, लायसन नको" हे कोणी फोनवर म्हणालं तर आधी ठाण्यात विचारा. मी विचारलं नाही, गावचे पैसे गेले.

संगीन ठाण्यात जमा केली, पोच माझ्याजवळ आहे. रायफल शाळेच्या कोठीत पडून आहे. काकूंचे पाचशे मी माझ्या पगारातून परत नेऊन दिले, त्यांनी घेतले नाहीत. आता गावच्याच मिस्त्रीने सिमेंटची रायफल घडवायला घेतली आहे. संगीनीची कडी कुठे येते, ते सुभेदारकाका रोज संध्याकाळी जाऊन त्याला दाखवतात.